खिडक्यांची मंजुरी

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. धाकटीचे पुढचे दोन्ही दात पडल्याचं वाचून हसू आलं. गुडघा सोडला तर मी बरी आहे.

शाळेच्या इमारतीचं काम दुसऱ्या कंत्राटदाराला देऊन मी तुमच्याकडे राहायला यावं, असं तुम्ही लिहिलंत. माया कळते. पण काम मी सोडणार नाही. शनिवारी शाळेची समिती ते काढून घ्यायचं की नाही हे ठरवणार आहे. मी आपण होऊन देणार नाही. तुमच्या दादांनी संगणकावर आखलेला आराखडा आता मला वाचता येतो. त्या प्रोग्रॅमचं जाडजूड माहितीपुस्तक पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचलं. प्रत्येक कामाची एक पट्टी, पट्टीपुढं माणसाचं नाव. मागचं संपल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. स्वयंपाकात तरी वेगळं काय असतं?

अकरा दिवस काम रखडलं, हे तुमच्या कानावर आलंच आहे. मिस्त्रीनं आळस केला, असं मीच सगळ्यांना सांगितलं. गवंड्यांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "बाई, खिडक्यांच्या चौकटीच नाहीत, तर गिलावा काय हवेला करू?"

भाऊजी, खापर मी भलत्याच्या डोक्यावर फोडलं. चौकटींची मागणी मंजुरीसाठी अडली होती, आणि आराखड्यात मंजुरी देणाऱ्याच्या जागी अजून तुमच्या दादांचं नाव होतं. बाकीच्या मंजुऱ्या त्यांनी आधीच देऊन ठेवल्या होत्या, ही एक राहिली. ते जाऊन चार महिने झाले, मी नाव बदललं नाही. रोज सकाळी नऊला त्यांच्या फोनवर आठवण वाजायची. फोन कपाटात असतो, मीच चार्ज करून ठेवते. वाजला की वाटायचं, त्यांना कुणीतरी कामावर बोलावतंय. कशासाठी, ते परवापर्यंत उघडून पाहिलंच नाही.

काल सगळ्यांदेखत मिस्त्रीची माफी मागितली. तो म्हणतो, "जाऊ द्या बाई, मालक होते तेव्हा तरी पहिल्या रिंगला कुठं फोन उचलायचे!" गवंडी हसले. मीही हसले. घरी येऊन रडले, ते असो.

संध्याकाळी नाव बदलून माझं टाकलं. एका बोटाचं काम, पाऊण तास लागला. लगेच मंजुरी दिली. चौकटी दहा दिवसांत द्यायचं सुतारानं कबूल केलंय. तोवर गच्ची आणि नळांचं काम उरकते. पट्ट्या तशा सरकवल्यात. आता उशीर चारच दिवसांचा राहतो. समितीपुढं आधी चूक कुणाची ते सांगणार, मग आराखडा दाखवणार.

माझं सामान बांधायला येऊ नका. शनिवारी या, शेजारी बसा.

आज नऊला कपाट गप्प होतं. माझा फोन वाजला, आजच्या कामाची आठवण. चहा तसाच ठेवून उचलला.

खिडक्यांच्या कामाला जबाबदार,
तुमची वहिनी