मधला टेकू

देवपूर, रविवार संध्याकाळ

आईच्या नावाची लांब पाटी कोरायची म्हणून माझं दोन फुटी सीएनसी मशीन मी चार फुटी केलं. आबा म्हणाले होते, "लोखंड बी वाकस, मधमा टेकू दे." मी हसलो. जन्मभर रंधा मारलेल्या सुतार बापाला मशीनमधलं काय कळणार? आज कटर ज्यावर सरकतो तो लांबवलेला दांडा मधोमध लवला, कटर खोल घुसला, नावाची मधली अक्षरं पार गेली. एक साधा टेकू!

ती सागाची फळी आबांनी वर्षानुवर्षं जपलेली. त्यांना आता दिसत नाही, म्हणून सांगितलं, "खराब झाली ती ही दुसरी होती, साधी." त्यांनी फळी हुंगली. बोट खड्ड्यावर थांबलं.

"हा, साधीच शे."

का खोटं बोललो मी?

जेवताना फळी त्यांच्या मांडीवरच होती.