जावळाची काळी

प्रिय एलाडियो,

तुझा खोकला कसा आहे? खाणीतल्या धुळीत राहून तो बरा होणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी विचारते. मी बरी आहे. गारपिटीनं छपराचा कोपरा फाटला होता, तो नव्या गवतानं शाकारून घेतला. आपल्या पांढऱ्या अल्पाकांना यंदा चांगली पिल्लं झाली. पाऊस आणि धुकं मात्र हटायचं नाव घेत नाही.

दोमितिलामावशी गेली. तिचा पुतण्या एर्मेनेहिल्दो सिकुआनीहून आला, प्रेतापुढे रडला आणि दुसऱ्याच दिवशी तिची पांढरी जनावरं हाकत घेऊन गेला. काळी तेवढी मागे ठेवली. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, म्हणून गिऱ्हाईकही नाही. गावच्या बैठकीत ठरलं, की कार्निव्हलच्या सणापर्यंत कुणी नेली नाहीत तर खाटकाच्या गाडीत चढवायची. सगळे खाली बघत कोकाची पानं चघळत बसले होते. म्हातारी गुमेर्सिंदा तेवढी बोलली, "फोर्तुनाता, तुलाच न्यावी लागणार बघ. तुझ्या दारातनं हलतायत कुठं ती?"

ते खरं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. मावशीला पुरलं त्या दिवसापासून तो काळा कळप संध्याकाळी आपल्या वाडग्यापाशी येतो. मी दगड भिरकावले, गोफण फिरवली, कुत्रं सोडलं. कुत्रं अर्ध्या वाटेवरून शेपूट घालून परत आलं. ती चरत नाहीत, आवाज करत नाहीत, धुक्यात नुसती आपल्या दाराकडे तोंड करून उभी राहतात. परकं जनावर असं करतं का, तूच सांग. आपली पांढरी तर त्यांना बुजतही नाहीत. उलट आत दाटीवाटीनं एका बाजूला बसतात आणि भिंतीकडचा कोपरा मोकळा ठेवतात. त्यांना तिथं हाकललं तरी बसत नाहीत.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? डोंगरदेवाला पानं वाहिली, चरबी जाळली. न्यायची नाहीत असं मनाशी पक्कं केलं. आपल्याला कुरण पुरत नाही, मी एकटी, माझे गुडघे दुखतात, सगळी कारणं तयार होती. मग एके दिवशी त्यांच्यातलं सगळ्यात लहान पिल्लू फाटकाच्या फटीतून आत आलं आणि त्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन बसलं. तोंड मिटून गुणगुणायला लागलं. अल्पाका गुणगुणतातच, जन्मभर ऐकत आले आहे मी. पण हे गुणगुणणं मधेच थांबायचं, धाप लागल्यासारखं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. असं कोण गुणगुणायचं ते तुला सांगायला नको.

त्याला बाहेर काढायला उचललं, तेव्हा त्याच्या आईचे कान जवळून पाहिले. कानांत मालकीच्या खुणेचे लोकरीचे गोंडे होते, हिरवे आणि केशरी. मग एकेकीला धरून बघितलं. सगळ्यांच्या कानांत तेच दोन रंग. मावशीचा रंग तर लाल होता.

तुला आपल्या पोरीचं ते जावळ आठवत असेल. तुझ्या आईनंच ते दोन रंग निवडले होते. मावशीनं पहिली बट कापली आणि रीतीप्रमाणे एक काळी मादी भेट दिली, पोरीबरोबर तिचाही वंश वाढू दे म्हणाली. नंतर आपलं घर रिकामं झालं, तेव्हा ती काळी डोळ्यांपुढे नको म्हणून तू तिला मावशीकडे परत नेलीस. मी अडवलं नाही. मलाही नकोच होती. पण दिलेलं परत घ्यायचं नसतं एलाडियो, हे मावशीला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. दर कार्निव्हलला तिनं त्या काळीच्या लेकींना आणि नातींना आपल्या पोरीच्या रंगाचे गोंडे बांधले. आपल्याला मात्र एका शब्दानं बोलली नाही. तिच्या मायेनं मला इतकं रडू आलं, की मी तिथंच चिखलात बसले.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. मी ती जनावरं ठेवून घेणार आहे, बैठकीत सांगून आले. कार्निव्हलला त्या लहान पिल्लाच्या कानात गोंडा बांधायचा आहे. मालकीण लहान असली तर बापानं जनावर धरायचं, आईनं बांधायचं आणि तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं, ही रीत तुला माहीत आहे. आपली पोर गेल्यापासून आपण दोघांनीही ते नाव घेतलेलं नाही. मला जमेल का म्हणून काल संध्याकाळी फाटक उघडून मी एकदा घेऊन बघितलं. लुसमिला, अशी हाक मारली. सगळी काळी जनावरं माना खाली घालून एकामागोमाग आत आली. पिल्लू तेवढं फाटकात थांबलं, वाटेकडे तोंड करून, अजून कुणीतरी यायचं असल्यासारखं. ते अजून तिथंच उभं आहे. मी फाटक लावलेलं नाही. तू ये, आणि आत आलास की मागे वळून न बघता तूच ते लाव.

तुझीच,
फोर्तुनाता