जेवणाआधी एक गोळी

३ ऑक्टोबर
आज समुद्राकाठच्या या वृद्धाश्रमात राहायला आले. खोली छान उजेडाची. खिडकीतून शेवंड पकडणाऱ्यांच्या होड्या दिसतात. दुपारी कोंबडीचा रस्सा होता. आईच्या हातची चव नव्हती, पण वास तोच. शेजारची झेली म्हणाली, इथं सगळं मिळतं गं, नवरे तेवढे नाहीत. होते ते आपणच संपवले! वरच्या मजल्याला मात्र कुलूप असतं, तिथं भ्रमिष्ट माणसं ठेवतात. माझी लेक ओडेट सामान लावून कॅलगरीला परत गेली.

६ ऑक्टोबर
आश्रमात ओकाऱ्यांची साथ आली आहे. मलाही झाल्या. डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमची गोळी दिली, दिवसातून तीनदा, जेवणाआधी, तीन दिवस. नर्स कोरीन म्हणाली, मावशी, ही घ्या, उद्या खेकडा मागाल! तासाभरात पोट शांत झालं. लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत पोट बिघडलं की सिस्टर क्लोटिल्ड आल्याचं पाणी द्यायच्या, कपाळावर गार हात ठेवायच्या. केवढी माया होती त्या हातात.

१२ ऑक्टोबर
मळमळ गेली, गोळी चालूच आहे. तीनच दिवस ना, असं विचारलं. कोरीन म्हणाली, डॉक्टरांच्या कागदावर बंद करा असं लिहिलेलं नाही, आणि कागदाबाहेरचं मी काही करत नाही, मावशी.

१७ ऑक्टोबर
बसवत नाही. मुंग्या नव्हेत, कातडीखालून कुणीतरी सारखं ऊठ, ऊठ म्हणतं. प्रार्थनेतून चारदा उठले. झेली म्हणाली, नव्या नवरीसारखी काय चुळबुळ करतेस?

२१ ऑक्टोबर
आपले डॉक्टर रजेवर गेलेत. बदली आलेल्या तरुण डॉक्टरांनी माझ्याआधी माझ्या औषधांची यादी पाहिली. ही गोळी मनाच्या आजारावरही देतात, हे मला आजच कळलं. आवाज ऐकू येतात का, असं त्यांनी अगदी हळुवार विचारलं. नाही हो, ओकाऱ्या होत होत्या, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. येरझारा फार वाढल्यात, म्हणाले. आता दहा मिलिग्रॅम.

२५ ऑक्टोबर
मान डावीकडे ओढली जाते. जीभ जड. हे गोळीनं होतंय, असं सांगितलं. कोरीन म्हणाली, वरच्या मजल्यावरचे सगळे हेच म्हणतात. दुपारी गोळी गालात लपवली. सापडली. आता गिळून तोंड उघडून दाखवावं लागतं. कागदावर नवी ओळ — औषधाबद्दल संशय घेते.

२८ ऑक्टोबर
झेली मला पाहून दार लावून घेते. आरशात हसून पाहिलं. चेहरा हललाच नाही.

३० ऑक्टोबर
ओडेटला बोलावून घेतलं त्यांनी. किती दिवस वाट पाहिली — सगळं सांगायचं होतं. जबडा उघडेना. नुसती लाळ. तान्ह्या मुलाशी बोलावं तशी बोलली. आई, वरती तुझी नीट काळजी घेतील गं. डोळे पुसले. सही केली.

३१ ऑक्टोबर
ओडेट कपडे भरतेय माझे. पाठ इकडे. वही तिच्या पिशवीत टाकायची — बोटं वळत नाहीत —
कोरीन पाणी घेऊन आली. उघडा तोंड, म्हणते —
ओडेट, वाच. मी वेडी नाही गं. मला फक्त मळमळ