पुढच्या ब्रेकची तार

आबा, मी स्कूटर घेतली आहे आणि तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. डाव्या हाताचा ब्रेक दाबला की मागचं चाक थांबतंच, पण न सांगता पुढचंही थोडं धरलं जातं. शहापूरच्या शोरूममधला मुलगा हे इतक्या कौतुकाने सांगत होता की मला तिथेच शंका आली. कंपनीला माझ्या जिवाची एवढी काळजी कधीपासून? मी विचारलं, "मला पुढचा ब्रेक लागायलाच नको असेल तर?" तो हसला. "मॅडम, तुम्हाला विचारच करायचा नाही. गाडीच बघते." घ्या. म्हणजे हात माझा, हाडं माझी आणि ठरवणार एक तार. तुम्ही असतात तर त्याला तिथल्या तिथे सगळं उघडून दाखवायला लावलं असतंत आणि तरीही एसटीनेच घरी आला असतात. मला आता तशी चैन परवडत नाही. उपकेंद्रातली नर्स म्हटलं की पाड्यापाड्यावर जावं लागतं, आणि एसटी तिच्या मर्जीने येते.

संशय हा तुमचा धंदाच होता. मुरबाडच्या वखारीत येणारी गवताची प्रत्येक गाठ तुम्ही कोपरापर्यंत हात घालून बघायचात. बाहेरून खडखडीत सुकलेलं गवत आतून ओलं निघालं की आणणारा गयावया करायचा आणि तुम्ही नुसता हात झटकायचात. घरीही तेच. आईने आमटी वाढली की आधी वास, मग घास. ती चिडायची, "मी काय विष घालतंय का?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "तू नाय गो. पन डाळ कुनाच्या दुकानातली हाय?" मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकवर तर तुमचा विशेष संशय. तो एकट्या तुमचाच नव्हता म्हणा. तेव्हा किन्हवलीपासून शेणव्यापर्यंत कितीतरी गाड्यांची पुढची तार चाकापाशी सोडून टाकलेली असायची. वर हँडलला लिव्हर तशीच, दिखाव्याला. पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावरून पलीकडे जातो, हे सगळ्यांना पाठ होतं. असा नक्की कोण गेला होता, ते मात्र कोणी सांगत नसे.

तुमच्या गाडीचा पुढचा ब्रेक लागायचा, याचा पुरावा माझ्या हनुवटीवर आहे. माझी बारावी संपली होती आणि तुम्ही मला खळ्याकडच्या कच्च्या रस्त्यावर गाडी शिकवत होतात. वळणावर खडी येते, मी घाबरते, उजव्या हाताने करकचून दाबते आणि पुढचं चाक खालून निघून जातं. तुम्ही धावत येता, मला उचलता आणि उचलता उचलताच ओरडता, "पुढं हात लावायचा नाय सांगितलं व्हतं ना? लावायचा नाय." तुमचा आवाज कापत होता. मला तो राग वाटला. मी रुसले ती त्या गाडीच्या जवळही फिरकले नाही, आणि तुम्हीही पुन्हा बोलावलं नाहीत.

दोन-तीन वर्षांनी तुम्ही शेणव्याच्या उतारावर गेलात. वळणातून गवताने भरलेला ट्रॅक्टर पुढ्यात आला. मागच्या चाकाची काळी रेघ डांबरावर लांबच लांब उमटली होती, सरळ ट्रॉलीपर्यंत. बघायला जमलेल्यांतला कोणीतरी म्हणाला, "बिरेक लागलाय, पन अर्धाच." तो शब्द आईने पकडला. दोनच दिवसांपूर्वी किन्हवलीच्या गॅरेजवाल्याने तुमच्या गाडीचं काम केलं होतं. तोच पुढचा ब्रेक जोडायला विसरला, हे आमच्या घरात ठरून गेलं. दहाव्याला तो आला तेव्हा आईने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "तू नीट काम केलं असतंस तर माझा मानूस जिता असता," ती म्हणाली. तो एक शब्दही बोलला नाही, आणि जो बोलत नाही तो दोषी, असं मी धरून चालले. तुमचीच मुलगी ना मी. त्यानंतर आमच्या घरातली साधी सायकलसुद्धा त्याच्या दारात गेली नाही.

गेल्या महिन्यात मी गेले. या जोडलेल्या ब्रेकची धास्ती मनातून जाईना, आणि शोरूमवाले तो सोडून द्यायला तयार नव्हते. गॅरेजवाला आता म्हातारा झालाय. माझं म्हणणं ऐकून म्हणाला, "देतो सोडून. खडीवर, वलनावर बरं पडंल, पुढचं चाक सरकनार नाय. डांबरावर मातर गाडी लांब जाईल. काय पायजे ते तुमी बघा, ताई." आणि लगेच पाना उचलला. इतक्या सहज उचलला की माझं डोकं फिरलं. मी विचारलंच, "आबांच्या गाडीचाही असाच सोडलात आणि जोडायला विसरलात ना?"

तो थांबला. "इसरलो नाय. आबांनीच सोडवून घेतला व्हता, तुमी पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी बोल्लो, राहू द्या. तर बोल्ले, घरात पोर हाय, परत हात लावंल. नंतर दर खेपेला इचारायचो, जोडू का? नाय बोलायचे."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"दहाव्याला? काय सांगू तिला? तुझ्या मानसाचीच चूक व्हती म्हनून?"

मी त्याला पाना खाली ठेवायला सांगितलं आणि निघाले. वाटेत मी त्याचं बोलणं उलटसुलट करून पाहत होते. इतक्या वर्षांत रचायला वेळ भरपूर होता. पण माझ्या पडण्याबद्दल त्याला कोण सांगणार, तुमच्याशिवाय? शेणव्याच्या उतारावर आले तेव्हाही हाच हिशोब डोक्यात होता, आणि करवंदीच्या जाळीतून एक वासरू रस्त्यावर आलं. माझा डावा हात आपोआप आवळला गेला. गाडी पुढून किंचित दबली आणि थांबली. वासराने माझ्याकडे पाहिलं आणि ते निवांत पलीकडे गेलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला तुमचा राग आला, आबा. इतका की पाय टेकून तिथेच रडले. प्रत्येक गाठीत हात घालून बघणारा माणूस तुम्ही, आणि ही एक गोष्ट लोक म्हणतात म्हणून धरून बसलात. खडीवर हा ब्रेक अजूनही मला नको वाटतो, तिथे मी पाय सोडून हळूहळू जाते. पण तार मी सोडवणार नाही. माझ्यासाठी म्हणून तुम्ही ती काढलीत, याचं मी काय करू, ते मात्र मला कळत नाही. तुमच्यावर ओरडावं तर तुमचा तो कापरा आवाज कानात येतो.

हे लिहून झालं की चुलीत घालीन, कारण आई चष्मा लावून सगळं वाचते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. परवा किन्हवलीच्या बाजारात गॅरेजवाला समोरून आला. तिने मला कोपराने ढोसलं आणि पदर सावरत तोंड फिरवलं. मीही तिच्याबरोबर फिरवलं.