आकाशपाळण्याचे बोल्ट

मी, मंदाकिनी नरहरी बोंद्रे, वय त्रेसष्ट, राहणार गुढियारी, रायपूर, कालपासून विवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे. पाय मात्र सकाळपासून जमिनीवर नाहीत.

एक. राहते घर माझ्या स्वकमाईचे. माझ्यामागे यजमान (हा शब्द लिहिताना पेन दोनदा थांबले) गुलाबराव ठवरे यांनी त्यात हयातभर राहावे. नंतर ते भाची भावनाला मिळावे. ती विचारते, "मौसी, शादी के दूसरे दिन वसीयत कौन लिखता है?" मी लिहिते.

दोन. मायक्रोमीटर, नट-बोल्ट कसायचे पाने आणि तपासणीच्या वह्या इंदूला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात, ती माझ्याच टेबलाशी बसायची. आम्ही जत्रेतल्या आकाशपाळण्यांचे बोल्ट पुरवायचो. सळई एकाकडून यायची, दुसरा बोल्ट घडवायचा, बीरगांवचा तिसरा जस्ताचा मुलामा द्यायचा. एका सकाळी इंदू म्हणाली, "बाई, काल कसलेला बोल्ट आपोआप तुटून पडला जी." मोजमापात तर सगळे पास!

तीन. तो तुटका बोल्ट तेव्हाचे मॅनेजर प्रफुल्ल यांना. ते म्हणाले होते, "दीदी, ठप्पा मार दो, गाड़ी खड़ी है." मी ठप्पा पर्समध्ये टाकला आणि तिघा पुरवठादारांकडे जायला मोपेड काढली. त्यापायी मला चार दिवस घरी बसवले गेले. राग उरलेला नाही, पण बोल्ट त्यांनी रोज दिसेल असा ठेवावा.

सळईवाला ठीक निघाला, घडवणाराही. मुलामा देणारे गुलाबराव मात्र दारातच कडाडले, "मॅडम, माझाच माल काहून अडवून राहिल्या?" मुलाम्यानंतर बोल्ट काही तास भट्टीत तापवावे लागतात, नाहीतर आतून ठिसूळ होतात. त्यांची भट्टी महिनाभर बंद होती आणि कोणी विचारलेच नव्हते, मीसुद्धा नाही. मी त्यांच्यासमोर एक बोल्ट कसून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो टणकन तुटला. त्यांनी तुकडे उचलून तळहातावर घेतले. "यावर लेकरं बसणार होती, मॅडम."

सगळा माल त्यांनी आपणहून परत नेला. तेव्हापासून प्रत्येक पेटीबरोबर चिठ्ठी जाऊ लागली: सळई कुठली, बोल्ट घडवले कोणी, तापवले किती तास. दर महिन्याला आम्ही चौघे एका टेबलावर चहा घ्यायचो. एकाची चूक दुसऱ्याने झाकायची नाही, एवढाच नियम. पेट्या परत येणे बंदच झाले.

चार. ठेवी निम्म्या गुलाबरावांना, निम्म्या भावनाला. कारण द्यायची गरज नाही, तरी देते. मी निवृत्त झाल्यावर ते मला मेळ्यात घेऊन गेले. पाळणा नेमका वर थांबला.

"बोल्ट कोणाचे असतील, मॅडम?"

"तुमचेच."

"मंग मले खाली उतरवा!"

मी इतकी हसले की पाळणा डुलू लागला. ते दांडा घट्ट धरून म्हणाले, "मंग आधी विचारूनच घेतो. लग्न करता काय माझ्याशी?" मी वरूनच ओरडून हो म्हटले. खाली तिकिटाच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

पाच. गुलाबरावांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी सांगितले. ते लगेच म्हणाले, "मंग मिळकत खोडा ना जी. मले सही करू द्या."

काहीही खोडलेले नाही.

सही: मंदाकिनी नरहरी बोंद्रे

आमच्या समक्ष, हसत हसत सही केली:
१. नीलेश वासनिक, शेजारी
२. भैय्यालाल साहू, सळईवाले

रायपूर, ९ जानेवारी २०२५