दुसऱ्याच पायांची चाल

३ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, मनातून येत नसले तरी.

तुझं पार्सल मिळालं. दोन पट्टे घोट्यांना, एक कमरेला. आत म्हणे सेन्सर आहेत, पाऊल किती उचललं, कुठे अडलं, सगळं टिपतात. जनावराला लोढणं अडकवावं तसं सख्ख्या भावाला अडकवताना तुला काहीच वाटलं नाही? दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांसमोर मी ताठ चालून दाखवलं. तरी तू तोंड घातलंस, की घरी वळताना याचे पाय जमिनीला चिकटतात. हे तुझ्या वहिनीनं तुझ्या कानात भरलं. तिला राईचा पर्वत करायची खोडच आहे. जन्मभर शाळेत कवायत शिकवली मी. पार्किन्सन झाला असेल, पांगळा नाही झालो.

आठवडाभर बांधतो आणि परत पाठवतो. मग तुझं नाक या घरात खुपसणं बंद.

आमच्यावरचा लोभ जरा आवरता घ्यावा.
दादा

१४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पट्टे पोचले. डॉक्टरांनी आलेख उघडला आणि मला विचारलं, हे पाय कोणाचे? म्हणाले, पार्किन्सनची चाल आम्ही इथे रोज बघतो. पावलं लहान होतात, घासतात, मध्येच थिजतात. यात तसलं काहीच नाही. यात उजवं पाऊल टेकतं न टेकतं तोच उचललं जातं, सगळा भार डाव्यावर. दुखरा पाय सांभाळणाऱ्या माणसाची चाल आहे ही. आणि ते माणूस दिवसभर उभंच आहे, बसणं जवळजवळ नाहीच.

तुमच्या घरात माणसं दोन. मी डॉक्टरांना माहीत नाही म्हटलं आणि मान खाली घातली. लबाडीला तुला वहिनीच सापडली! तिचा पाय कधीपासून दुखतोय, विचारलंस कधी? विचार, आणि खरं उत्तर कळव. नाहीतर मी येते, आणि नमस्कार करायला येणार नाही.

पत्राचा राग नसावा असं लिहीत नाही. यावाच.
धाकटी

१८ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद गृहीत धर.

हो, तिलाच बांधले. आधी नको म्हणाली. मी आवाज चढवला, तेव्हा मुकाट्यानं पाय पुढे केले.

काल विचारलं. काही नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, तर भांडी घासता घासता, मान न वळवता म्हणाली, की हिवाळ्यात बाथरूममध्ये तुमचे पाय अडले आणि तुम्ही माझ्या अंगावर कोसळलात, तेव्हापासून. मी म्हटलं, मग सांगायचं नाही? तर म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही नाटकं म्हणालात. मला आठवत नाही. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, मी गेले तर तुम्हाला धरणार कोण.

झालं तुझं समाधान? चांगल्या चाललेल्या घरात काडी लावलीस.

लोभाचं पुढे बघू.
दादा

२ जुलै

चि. धाकटीस,

तू आलीस, एक शब्द न बोलता तिला घेऊन गेलीस. खुब्याचं हाड तडकलेलं निघालं, ऑपरेशन झालं, हे मला शेजाऱ्यांकडून कळावं? एवढं वैर मी कोणाशी धरलं नव्हतं.

तू टेबलावर ठेवून गेलेले पट्टे या वेळी मी स्वतः बांधले आणि काल तिला बघायला आलो. वॉर्डच्या दारात पाय थिजले. मागे लोक खोळंबले, कोणीतरी बाजूला व्हा म्हणून ओरडलं. तिनं उशीवरून पाहिलं. मला वाटलं, हाक मारेल. ती नर्सला म्हणाली, यांना आत आणू नका, बरी झाले की मी नणंदेकडे जाणार आहे. आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून नुसतं तोंड भिंतीकडे केलं. मला आत जाता येईना, परतता येईना. तसाच उभा राहिलो.

पट्टे सोबत पाठवतो. तो सगळा वेळ त्यांत आला असेल. डॉक्टरांना दाखव, औषध बदलायचं तर बदलू देत. तुझ्या वहिनीला दाखवू नकोस. तिनं पाहिलंय.

लोभ मागायला तोंड उरलं नाही. राग तरी असू दे.
दादा