कोर्टात सांगितलेला विनोद

९ जानेवारी

ठरलं! विद्यापीठातल्या आमच्या अभ्यासासाठीचे विनोद फेरमिनच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायचे. मातिल्दे आधी नाहीच म्हणत होती. "तो विभागाचा तंत्रज्ञ आहे, नट नाही." पण फेरमिनने माइकसमोर बसून पहिलाच विनोद सांगितला आणि आमच्या याच विभागप्रमुख बाई खुर्चीतून घसरायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. अख्ख्या कादिझ शहरात असा आवाज नाही. इतकी वर्षं कार्निव्हलमध्ये सोंगं घेऊन विनोदी गाणी म्हणणाऱ्या टोळीत गातोय, कुठे थांबायचं आणि कुठे लोकांना श्वासही घेऊ द्यायचा नाही, हे त्याला बरोबर कळतं.

दोन गठ्ठे केलेत. एकात बायकांवरचे विनोद — गाडी ठोकणारी बायको, गप्प न बसणारी बायको, सासू. दुसऱ्यात पाद्री, वाहतूक पोलीस, आमचा तो डोकं फिरवणारा पूर्वेचा वारा. पुरुष येणार, हेडफोन लावणार, दोनपैकी एक गठ्ठा ऐकणार. मग पानभर गोष्ट वाचायची: बायको उशिरा घरी येते, नवरा तिच्या थोबाडीत देतो. चूक कुणाची? तुम्ही शेजारी असता तर काय केलं असतं?

आमचा अंदाज असा की पहिला गठ्ठा ऐकलेला माणूस नवऱ्याला जरा सहज माफ करेल. "विनोदाने कुणी वाईट होत नाही गं रेयेस," मातिल्दे म्हणते. "आत जे असतं त्याला बाहेर पडायची परवानगी मिळते, एवढंच."

१२ जानेवारी

रविवार, म्हणजे आईचा फोन. "अजून तेच चाललंय का, हसण्यावरचं?" मी म्हटलं, तेच. मागून बाबा ओरडले, "तिला विचार, हसायचा एवढा पगार, तर रडायचा किती देतील!" आई हसली. मीही. गावात गारठा आहे म्हणाली.

२० जानेवारी

पहिला माणूस आला. विम्याचा एजंट. दुसऱ्याच विनोदाला हेडफोन काढून विचारतो कसा, "अहो, हा फेरमिन का?" झालं कल्याण! आता शहराबाहेरची माणसं शोधायला हवीत.

३१ जानेवारी

विभागाचं जेवण. बंदरावर, नेहमीच्याच ठिकाणी. कागदाच्या पुड्यांतून तळलेले मासे, गार शेरी, आणि वारा असा की टेबलावरचं सगळं उडत होतं. फेरमिन आणि त्याची बायको अम्पारो उशिरा आले. अम्पारो शाळेत गणित शिकवते. दिसायला नाजूक, बोलायला कमी. आज तिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत. सगळे एकदम, "अगं बाई, हे काय?"

तिने तोंड उघडायच्या आत फेरमिन म्हणाला, "दाराशी भांडली! मी दर वेळी माघार घेतो ना, सवय लागलीय तिला. दाराने नाही घेतली!"

आम्ही इतके हसलो! मातिल्देला ठसका लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अम्पारोही हसली, आणि डाव्या हाताने मासा सोलायला लागली. फेरमिनने तिच्यापुढची ताटली ओढून काटे काढून दिले. किती जपतो तिला, असं वाटलं.

६ मार्च

कार्निव्हल. गर्दीतून घरी यायला जमेना. फेरमिनच्या टोळीने यंदा पाण्याला घाबरणाऱ्या जीवरक्षकांचं सोंग घेतलं होतं. चौकात लोक हसून हसून भिंतीला टेकलेले. त्याने लांबून मला हात केला — "या, डॉक्टरीणबाई!" माझ्या पीएच.डी.वरून असंच चिडवतो.

१८ मार्च

अम्पारो आली होती. विभागात नाही, माझ्या घरी. चहा नको म्हणाली, पाणी नको म्हणाली. कोट अंगातच. मग म्हणाली, "मी त्याच्यावर तक्रार केली. गेल्या आठवड्यात. कोर्टाने त्याला माझ्याजवळ यायला बंदी केलीय. तुम्हाला विभागात कळलंच असेल."

मला काहीच कळलं नव्हतं. फेरमिन रोज कामावर येतोय, शिट्टी वाजवत.

पुढे तिने जे सांगितलं ते नीट लिहून ठेवते, कारण ऐकताना माझं डोकं चालत नव्हतं. हात त्याने पिरगाळला होता. ती रात्री दवाखान्यात गेली तेव्हा तो शेजारी उभा होता, म्हणून तिने डॉक्टरला सांगितलं — न्हाणीघरात पाय घसरला. आता तो कोर्टातही तेच म्हणतोय. घसरली. कागदावरही तेच आहे. "पण तुमच्यासमोर तो दार म्हणाला," अम्पारो म्हणाली. "तुम्हा सगळ्यांसमोर. एकदाच चुकला तो. हशा मिळत असेल तर त्याला भान राहत नाही."

तिने कोट सावरला.

"तुम्ही माझ्या बाजूने बोलू नका. मी कशी आहे, तो कसा आहे, काही नको. तो काय म्हणाला, तेवढंच सांगा. तो विनोद सांगा."

जाताना तिने विचारलं, "तुम्ही हसला होतात, आठवतं?" रागाने नाही. उजळणी घेतात तसं.

१९ मार्च

झोप नाही.

२१ मार्च

मातिल्देला सांगितलं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "रेयेस, ऐकून घे. अर्ध्याहून जास्त माणसं झालीत. सगळ्यांनी त्याचा आवाज ऐकलाय. तू साक्षीला उभी राहिलीस की उद्या पेपरात येईल — स्त्रियांवरच्या हिंसेच्या अभ्यासात विनोद सांगणारा माणूसच... अभ्यास संपला. तीन वर्षं संपली."

"मग तू काय करशील?"

"मी काय ऐकलं ते मला नीट आठवत नाही."

"तुला ठसका लागला होता!"

ती वळली तेव्हा तिचा चेहरा म्हातारा दिसला. "म्हणूनच," म्हणाली. "कोर्टात उभी राहून मी हे सांगू? मी? या विषयावर जन्म घालवलेली बाई? तू जा. मी तुला अडवणार नाही. पण मला बोलवू नका."

तिचा राग येत नाही, हेच वाईट आहे.

२ एप्रिल

साक्षीदारांच्या यादीत माझं नाव गेलं. आज कॉरिडॉरमध्ये फेरमिन समोर आला. नेहमीसारखाच हसरा. माझ्या हातातला फायलींचा गठ्ठा घेतला, दारापर्यंत आणून दिला, आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, माझा विनोद सांगणार आहात म्हणे. 'दाराने'च्या आधी थोडं थांबायचं हं. नाहीतर विनोद पडतो."

मी दार लावलं. काय बोलला? धमकी? कुणाला सांगितलं तर म्हणतील, गंमत केली.

६ एप्रिल

आईला फोनवर सांगून टाकलं. दूध गॅसवर ठेवते म्हणाली. मग, "तुझे बाबा म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नकोस."

"बाबा तिथे आहेत?"

"बाहेर गेलेत."

"मग त्यांना कसं कळलं?"

"म्हणतील, असं म्हटलं मी." मग एकदम, "ती बाई आता कुठे राहते?" घर तिच्याकडेच आहे, त्याला बाहेर काढलंय, असं सांगितलं. आई म्हणाली, "असं करतात होय. त्याला बाहेर काढतात." आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

२४ एप्रिल

झालं.

छोटी खोली. मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल. अम्पारो पडद्यामागे — त्याला दिसू नये म्हणून. फेरमिन निळ्या शर्टात, केस विंचरून. न्यायाधीश माझ्याच वयाच्या बाई, सर्दीने बेजार.

"त्या दिवशी आरोपी नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत."

मी सांगितलं. दाराशी भांडली. मी दर वेळी माघार घेतो, सवय लागलीय तिला. दाराने नाही घेतली.

इतकं सपाट सांगितलं, इतकं कोरडं, जणू औषधाच्या बाटलीवरचं वाचतेय. तरी कुणीतरी हसलं! मागच्या बाकावरून. फुस्स करून, दाबलेलं, नाकातून. पुरुष की बाई, कळलं नाही. दारातल्या पोलिसाने ओठ चावले. आणि फेरमिन — मी त्याच्याकडे बघायचं नाही ठरवलं होतं, तरी बघितलं — फेरमिनने मान किंचित वाकवली. दाद मिळाल्यासारखी.

न्यायाधीशांनी वर बघितलं नाही. "पुन्हा सांगा," म्हणाल्या. "हळू. लिहून घेतायत."

मी पुन्हा सांगितला. तुकडा तुकडा. दाराशी. भांडली. टायपिंगचा आवाज. दर वेळी. माघार. आता कुणी हसलं नाही. पडद्यामागून खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही.

मग त्याचा वकील. "बाई, हा विनोद ऐकून आपण काय केलंत?"

"हसले."

"म्हणजे त्या वेळी आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही."

"नाही."

"आपला अभ्यासाचा विषय काय?"

सांगितला. तो खाली बसला. त्याला तेवढंच हवं होतं.

बाहेर पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. इतकी माणसं हेडफोन लावून बसवली, त्यांनी शेजारी म्हणून काय केलं असतं ते विचारलं. मी शेजारीच होते. समोर मासे होते.

२७ एप्रिल

आईने पुन्हा पुन्हा तेच विचारलं. त्या बाईला बसू दिलं का? किती वेळ बोलू दिलं? मध्येच कुणी ओरडलं नाही? तो तिच्याकडे बघत होता का? पडदा होता म्हटल्यावर म्हणाली, "जाडा होता का गं?"

१४ मे

दोषी. दार आणि न्हाणीघर — दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, हे न्यायाधीशांनी निकालात घातलं. गुन्हा पहिलाच म्हणून तुरुंग नाही. पण तिच्या घराच्या, शाळेच्या आसपास फिरकायचं नाही. विभागातूनही गेला.

अभ्यास बंद. मातिल्देने स्वतःच तसं पत्र दिलं. माझ्या टेबलावर आज एक छोटी कुंडी ठेवून गेली. चिठ्ठी नाही.

२० मे

कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफी घ्यायला गेले. मालक मोठ्याने म्हणाला, "मंडळी, जपून बोला! या बाई कोर्टात जाऊन सांगतात!" सगळे हसले. ओळखीचे चेहरे. वाईट माणसं नाहीत. अर्धी कॉफी टाकून बाहेर आले.

२९ मे

अम्पारोला भेटले. तिने बदली मागितलीय, दुसऱ्या शहरात, वेल्व्हाला. समुद्राकाठी बाकावर बसलो, वाऱ्याने दोघींचे केस तोंडात जात होते. "बरं वाटतंय का विचारू नका," म्हणाली. मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "घर फार शांत आहे. संध्याकाळी सातला तो यायचा, जिन्यापासूनच कुणाची तरी नक्कल करत. मी हसायचे. खरंच हसायचे, भीतीने नाही. आता सात वाजले की मला रडू येतं. हे कुणाला सांगू? म्हणतील, मग कशाला केलं सगळं!"

मी तिचा हात धरला. तो हात नाही, दुसरा. का कोण जाणे, तेवढं भान राहिलं.

१ जून

रविवार. आईचा फोन आला नाही. मी केला. बाबांनी उचलला. "झोपलीय ती. काय, अजून कुणाला तुरुंगात घालायचंय?" आणि हसले.

३ जून

सकाळी बेल वाजली. दारात आई. गावाहून पहाटेच्या बसने, एकटी. आयुष्यात कधी एकटी बसमध्ये बसलेली नाही. चर्चला जायचा काळा कोट, एवढ्या उकाड्यात. हातात बाजाराची पिशवी, वर टॉवेल टाकलेला, खालून तिचे कपडे डोकावत होते.

"आई! काय झालं? बाबांनी काही केलं?"

"नाही," म्हणाली. "आज नाही."